अंतर, वेग, वेळ : आधी वाचन, मग सूत्र

शालेय गणितातील 'अंतर, वेग आणि वेळ' या प्रकरणाविषयी इतिहासाच्या शिक्षकाने लिहावे, हे काहींना अनधिकारीपणाचे वाटेल. परंतु निवासी शाळेत विषयांच्या सीमा दिवेलागणीनंतर पुसल्या जातात. अभ्यासिकेत ज्या शिक्षकाची पाळी असेल, त्याच्यापुढे विद्यार्थी जी वही अडली असेल ती घेऊन येतो. अशा पाळ्यांच्या अनेक वर्षांत एक गोष्ट माझ्या मनावर ठसली आहे. या प्रकरणात अडलेला विद्यार्थी बहुधा गुणाकार-भागाकारापाशी अडलेला नसतो. तो वाक्यापाशी अडलेला असतो. त्याला गणित करता येत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याने ते गणित वाचलेलेच नसते. म्हणून माझे मत असे की या प्रकरणात सूत्र शेवटी यावे आणि वाचन आधी यावे. आजची आपली अध्यापनपद्धती याच्या नेमकी उलट आहे.

हा प्रश्न केवळ एका धड्याचा असता तर त्यासाठी स्मरणिकेची पाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. शिष्यवृत्ती परीक्षा, नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा, इयत्ता आठवीची एन.एम.एम.एस. परीक्षा आणि पुढे पोलीस भरतीपासून विविध स्पर्धा परीक्षांपर्यंत हे प्रकरण विद्यार्थ्याची पाठ सोडत नाही. आपल्याकडे येणारी बहुसंख्य मुले घरातील पहिल्या पिढीची शिकणारी आहेत. त्यांच्यासाठी शिष्यवृत्ती म्हणजे शाबासकीचे प्रमाणपत्र नसते. पुढच्या वर्षी शिक्षण चालू राहील की नाही, याचे ते उत्तर असते. अशा मुलाच्या वाटेत एक प्रकरण दगडासारखे पडून राहावे आणि आपण त्याच्या हाती चार सूत्रांची चिठ्ठी देऊन मोकळे व्हावे, हे शिक्षक म्हणून आपल्याला शोभणारे नाही.

सध्या शिकवले कसे जाते ते पाहू. फळ्यावर एक त्रिकोण काढला जातो. वर अंतर, खाली वेग आणि वेळ. जे हवे ते बोटाने झाका, उरलेले दिसेल ते करा. विद्यार्थी बोट ठेवायला शिकतो. दुसऱ्या दिवशी आगगाडी आणि पुलाचे उदाहरण येते, तिसऱ्या दिवशी नाव आणि प्रवाह येतो, चौथ्या दिवशी जाऊन परत येण्याचे उदाहरण येते. प्रत्येकाला वेगळे सूत्र, प्रत्येकाला वेगळी युक्ती. महिन्याभरात मुलाच्या डोक्यात दहा युक्त्यांची गर्दी होते आणि परीक्षेत कोणती युक्ती कोणत्या उदाहरणाची, हेच आठवेनासे होते. जी गोष्ट समजून घ्यायची ती पाठ करायला लावल्याचा हा परिणाम आहे. परंपरेने चालत आले म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश कालाम सुत्तात आहे. त्याचे स्मरण ठेवणाऱ्या संस्थेत तरी सूत्र हे श्रद्धेचा विषय होऊ नये.

वास्तविक या सर्व उदाहरणांच्या मुळाशी एकच कल्पना आहे, आणि ती कल्पना मुलाला आधीपासून ठाऊक असते. एका वहीचे २० रुपये, तर ६ वह्यांचे किती, हे त्याला सांगावे लागत नाही. ताशी ५ किलोमीटर चालणारा माणूस ३ तासांत किती जाईल, हे तेच गणित आहे. 'ताशी' या शब्दाचा अर्थ 'दर तासाला' एवढाच. वेग म्हणजे दर. वहीचा दर रुपयांत असतो, चालण्याचा दर किलोमीटरांत असतो. हे एकदा उमगले की त्रिकोणाची गरज उरत नाही. १५ किलोमीटर जायला ताशी ५ प्रमाणे किती तास, याचे उत्तर मूल भागाकाराचे नाव न घेताही देते. येथे आणखी एक अडचण भाषेचीच आहे. गणिताच्या पुस्तकातला 'वेग' विज्ञानाच्या वर्गात गेला की 'चाल' होतो आणि तेथे 'वेग' शब्दाला दिशेसह वेगळा अर्थ येतो. दोन्ही वर्गांतल्या शिक्षकांनी हा फरक एकदा तरी मोठ्याने सांगितला पाहिजे. अन्यथा मूल गप्प राहते आणि गोंधळ मनात घेऊन पुढच्या इयत्तेत जाते.

दुसरा अडसर एककांचा. १ तास २० मिनिटे हा वेळ अनेक विद्यार्थी १.२० तास असा लिहितात आणि पुढचे सारे गणित चुकते. वास्तविक २० मिनिटे म्हणजे तासाचा तिसरा हिस्सा. म्हणून तो वेळ एक पूर्णांक एक तृतीयांश तास, म्हणजे चार तृतीयांश तास. येथे आपली मराठी भाषा मोठी मदत करू शकते. 'दीड तास', 'पावणेदोन तास', 'अडीच तास' हे शब्द खेड्यातल्या निरक्षर आजीच्याही तोंडी असतात. जुन्या मराठी शाळांत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ करून घेत, तेव्हा अपूर्णांक जिभेवर खेळत असे. ती घोकंपट्टी परत आणावी असे मी म्हणत नाही. मात्र दीड तास म्हणजे १.३० नव्हे, १.५, हे मुलाच्या स्वतःच्याच बोलीतून त्याला दाखवता येते. जी मुले घरी वऱ्हाडी, अहिराणी किंवा अन्य बोली बोलतात, त्यांच्याही बोलीत हे अपूर्णांक आहेत. शाळेने त्यांना वहीत जागा द्यावी, एवढेच करायचे आहे.

तिसरा अडसर क्रियापदांचा. 'ओलांडणे' हे एकच क्रियापद घ्या. १५० मीटर लांबीची आगगाडी ताशी ५४ किलोमीटर वेगाने जात असता ३०० मीटर लांबीचा पूल किती सेकंदांत ओलांडेल? ताशी ५४ किलोमीटर म्हणजे ३६०० सेकंदांत ५४,००० मीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. पुष्कळ मुले ३०० ला १५ ने भागून २० सेकंद हे उत्तर लिहितात. त्यांचा भागाकार अचूक असतो. 'ओलांडेल' या शब्दाचे चित्र मात्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिलेले नसते. इंजिन पुलाच्या पलीकडे गेले म्हणजे गाडीने पूल ओलांडला असे होत नाही. शेवटचा डबाही पलीकडे गेला पाहिजे. म्हणून इंजिनाला ३०० अधिक १५०, म्हणजे ४५० मीटर जावे लागते आणि वेळ लागतो ३० सेकंद. हेच गाडीने खांब ओलांडायचा असेल तर केवळ स्वतःची १५० मीटर लांबी, म्हणजे १० सेकंद. वर्गातली दहा मुले एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून दारातून बाहेर गेली, तर हे सूत्राशिवाय समजते. ५/१८ ने गुणण्याची जी युक्ती पाठ करवली जाते, तीही १००० भागिले ३६०० याचेच संक्षिप्त रूप आहे, हे मुलाला कळले पाहिजे.

चौथे उदाहरण सरासरीचे. गाव ते तालुका १२ किलोमीटर. एक विद्यार्थी सायकलने ताशी १२ किलोमीटर वेगाने गेला आणि चढ व वारा यांमुळे ताशी ६ किलोमीटर वेगाने परतला. सरासरी वेग किती? १२ आणि ६ यांच्या मधला आकडा ९, असे उत्तर बहुतेक वेळा येते. जायला लागला १ तास, यायला लागले २ तास. २४ किलोमीटरला एकूण ३ तास. म्हणून सरासरी वेग ताशी ८ किलोमीटर. मंद गतीत तो अधिक काळ होता, म्हणून सरासरी मंद गतीकडे झुकते. यासाठी स्वतंत्र सूत्र पाठ करण्याचे कारण नाही. एकूण अंतर आणि एकूण वेळ हे दोन प्रश्न विचारण्याची सवय पुरेशी आहे.

दोन प्रवासी असतील तर प्रश्न बदलतो: दर तासाला त्यांच्यामधले अंतर कितीने कमी होते? १८ किलोमीटर दूर असलेले दोघे परस्परांकडे ताशी ४ आणि ५ किलोमीटर चालत निघाले, तर अंतर तासाला ९ ने घटते आणि ते २ तासांनी भेटतात. एक जण सकाळी ७ वाजता पायी ताशी ५ किलोमीटर वेगाने निघाला आणि दुसरा त्याच रस्त्याने ८ वाजता सायकलवर ताशी १५ किलोमीटर वेगाने निघाला, तर ८ वाजता त्यांच्यात ५ किलोमीटर अंतर आहे. ते तासाला १० ने घटते, म्हणून साडेआठला गाठ पडते. वहीत एक आडवी रेघ, तिच्यावर दोन ठिपके आणि दोन बाण काढले की 'परस्परांकडे' आणि 'एकाच दिशेने' या शब्दांचा भेद दिसू लागतो. ही रेघ काढणे म्हणजेच गणित वाचणे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील एक प्रश्न आठवतो. ग्रंथ ११५० च्या सुमाराचा. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुंध्याशी सापाचे बीळ आहे. साप बिळापासून सत्तावीस हातांवरून बिळाकडे येतो आहे आणि मोर तिरका झेप घेतो. दोघांची गती सारखी. बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? येथे गतीचा आकडा दिलेलाच नाही. गती सारखी आणि निघण्याची वेळ एकच, म्हणून दोघांनी कापलेले अंतर सारखे, एवढे वाचता आले की पुढे काटकोन त्रिकोण उरतो. उत्तर आहे १२ हात. साप १५ हात येतो, मोरही १५ हात झेपावतो. आकड्यांची जुळवाजुळव करणारा विद्यार्थी येथे हताश होतो, कारण सूत्रात घालायला वेगच नाही. वाचणारा विद्यार्थी मात्र तरतो.

वेळेचाही इतिहास आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी धावली, तोवर गावोगावच्या वेळा जुळवण्याचे कोणाला कारण नव्हते. पुढे रेल्वे मद्रासच्या वेळेने चालू लागली आणि मुंबई शहराचे घड्याळ तिच्यापेक्षा सुमारे अर्धा तास मागे राहिले. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून आली. मुंबईने त्यानंतरही बरीच वर्षे आपली ३९ मिनिटे मागची वेळ सोडली नाही. शहरातल्या घड्याळाप्रमाणे ८ वाजता निघालेला प्रवासी रेल्वेच्या घड्याळाप्रमाणे १२ वाजता उतरला, तर प्रवास चार तासांचा झाला की साडेतीन तासांचा? असा प्रश्न विचारला की मुले दचकतात, हसतात आणि मग विचार करू लागतात. उत्तर साडेतीन तास. दोन आकड्यांची वजाबाकी करण्यापूर्वी ते दोन्ही एकाच घड्याळाचे आहेत का, हे पाहण्याची सवय अशा प्रश्नाने लागते.

आता एका प्रवासाविषयी, जो आपल्या मुलांनी गणिताच्या तासालाही वाचावा असे मला वाटते. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात १९०१ च्या सुमाराची हकीकत सांगितली आहे. साताऱ्याहून ते, त्यांचे बंधू आणि भाचे वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनावर उतरले. मुले कोणत्या जातीची, हे कळल्यावर कोणी गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे ठरले. मुलांनी गाडी हाकायची आणि गाडीवानाने सोबत पायी चालायचे, असेही ठरले. निघण्यापूर्वी त्या मुलांनी गाडीवानाला गोरेगाव किती दूर आहे आणि किती वेळ लागेल, हे विचारून घेतले होते. तीन तासांहून अधिक लागणार नाही, असे त्याने सांगितले. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास गाडी निघाली. मध्यरात्री ती जकात नाक्याच्या झोपडीपाशी पोहोचली. पाणी मिळाले नाही म्हणून जवळचे अन्न तसेच राहिले. गोरेगाव आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास.

या हकीकतीत अंतराचा आकडा घेतला नाही तरी एक गणित सुटते. सांगितलेला वेळ ३ तास, लागलेला वेळ साडेसोळा तास. अंतर तेच, म्हणून प्रत्यक्षातला सरासरी वेग सांगितलेल्या वेगाच्या साडेपाचव्या हिश्श्याइतका. वेळ जितक्या पट वाढतो, तितक्या पट वेग घटतो, हे व्यस्त प्रमाण इतक्या खोलवर रुजवणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. आणि त्यापुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. गाडीवानाने जो वेळ सांगितला, त्यात काय गृहीत धरले होते? पुस्तकातले प्रत्येक उदाहरण 'वेग एकसारखा आहे, वाटेत थांबा नाही, वाट सर्वांना सारखीच खुली आहे' असे गृहीत धरून चालते. गणितासाठी हे गृहीत आवश्यक असते. पण ते गृहीत आहे, हे मुलाला कळले पाहिजे. त्या रात्री रस्ता तोच होता, बैल तेच होते. गृहीतके मात्र त्या मुलांच्या बाबतीत लागू पडली नाहीत. दहा वर्षांच्या मुलाने स्टेशनावर अंतर आणि वेळ विचारावी, ही चौकस बुद्धी आपल्याला घडवायची आहे. दिलेल्या उत्तरात काय धरले आहे आणि काय सोडले आहे, हे विचारण्याची बुद्धी त्याच वाटेने पुढे जाते.

गणिताचे सहकारी शिक्षक यावर एक रास्त आक्षेप घेतात. स्पर्धा परीक्षेत वेळ मोजका असतो. तेथे रेघा काढत बसले तर पेपर पुरा होणार नाही. युक्तीने उत्तर झटपट येते. हा आक्षेप मी हलका मानत नाही. परंतु युक्ती ही समजलेल्या माणसाची बचत आहे. न समजलेल्या माणसासाठी तीच युक्ती उसनवारी ठरते. ज्याला ३० सेकंदांचे ते पुलाचे उदाहरण आतून कळले आहे, तो परीक्षेत युक्तीही वेगाने वापरेल. ज्याला कळलेले नाही, तो खांबाची युक्ती पुलाला लावेल आणि चुकीचे उत्तर झटपट लिहून येईल. शिवाय ज्यांच्या घरी शिकवणीचे पैसे आहेत, त्यांना युक्त्या बाजारातही मिळतात. आपल्या मुलांना समज देणारी जागा शाळेखेरीज दुसरी कोणती आहे?

म्हणून या निमित्ताने काही सूचना करतो. हे प्रकरण सुरू झाल्यावर पहिले दोन आठवडे फळ्यावर सूत्र लिहू नये. प्रत्येक उदाहरण विद्यार्थ्याने आधी मोठ्याने वाचावे, पुस्तक मिटून स्वतःच्या बोलीत सांगावे, मग रेघ काढावी आणि उत्तर साधारण किती येईल याचा अंदाज लिहावा. पायी चालणाऱ्या माणसाचा वेग ताशी ६० किलोमीटर आला तर वहीनेच त्याला टोकले पाहिजे. मैदानावर १०० मीटर मोजून प्रत्येकाने आपली चाल काढावी. ७२ सेकंद लागले तर ताशी ५ किलोमीटर. हा आकडा ज्याच्या पायांतून आला, तो त्याला विसरत नाही. आठवड्यातील एक तास मराठीच्या आणि गणिताच्या शिक्षकांनी एकत्र घ्यावा. 'ओलांडणे', 'गाठणे', 'परस्परांकडे', 'प्रवाहाविरुद्ध', 'सरासरी' हे शब्द तेथे कवितेतल्या शब्दांइतक्या गांभीर्याने शिकवावेत. आणि मुलांनी स्वतः उदाहरणे रचावीत: सुटीत घरी नेणाऱ्या एस.टी.ची, कारखान्याकडे ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरची, वस्तीवर येणाऱ्या पाण्याच्या टँकरची. ज्या मुलाचे आईवडील ऊसतोडीला जातात, त्याला ट्रॅक्टरचा वेग आणि वाटेतले थांबे पुस्तक लिहिणाऱ्यापेक्षा अधिक ठाऊक असतात. त्या ज्ञानाला वर्गात प्रतिष्ठा मिळाली, की गणित परक्याचे राहत नाही.

या सूचनांना अनुदान लागत नाही, नवे साहित्य लागत नाही. लागते ते दोन शिक्षकांचे एकमत आणि दोन आठवड्यांचा धीर. येत्या शैक्षणिक वर्षात एका तरी इयत्तेत हा प्रयोग व्हावा आणि सहामाहीनंतर त्या इयत्तेच्या वह्या आपण सर्वांनी मिळून तपासाव्यात, अशी माझी संस्थेला आणि सहकाऱ्यांना नम्र विनंती आहे. वह्यांत रेघा दिसल्या, अंदाज दिसले आणि चुकीच्या उत्तरावर मुलानेच काट मारलेली दिसली, तर पुढच्या वर्षी तो सर्व इयत्तांना लागू करावा.